अनोळखी अल्बम ऐकताना आणि त्यांच्यावर लिहिताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी दर आठवड्याला आधी कधीच न ऐकलेला एक अल्बम ऐकते आणि त्याच्यावर पानभर लिहिते. देश कुठलाही, प्रकार कुठलाही. वाचणारे प्रश्न पाठवतात आणि बरेचसे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. जो प्रश्न तुमचा असेल तिथून वाचायला लागा.

सुटी गाणी ऐकतोच की. मग आख्खा अल्बम कशाला?

कारण अल्बममधल्या क्रमालाही अर्थ असतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मोठी रचना विकायची तर अनेक तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत, फोटोंच्या अल्बमसारख्या घालून द्याव्या लागत. अल्बम हे नाव तिथून आलं. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आणली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, वही गेली आणि नाव राहिलं. मग कलाकार त्या वीस मिनिटांच्या हिशेबाने विचार करायला लागले: बाजू कशाने उघडायची, तबकडी उलटण्याआधी ऐकणाऱ्याला कुठे आणून सोडायचं.

आपल्या घरातलंच उदाहरण म्हणजे १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस. अहिरभैरवाने उजाडतं आणि पहाडीपर्यंत पोचेतो रात्र झालेली असते. हा अल्बम शफलवर लावला तर रात्र आधी आणि पहाट शेवटी येऊ शकते. अमेरिकी रॅपर केंड्रिक लामारने तर हे मुद्दाम करून दाखवलं. २०१७ च्या ‘डॅम’ची तीच चौदा गाणी त्याच वर्षाच्या शेवटी त्याने उलट्या क्रमाने पुन्हा प्रसिद्ध केली. शब्द, सूर, ठेका काहीच बदललं नाही, पण गोष्ट बदलली. दोन्ही क्रम लागोपाठच्या दोन संध्याकाळी ऐकून बघा.

सुरुवात कुठून करू?

‘जगातले सर्वोत्तम शंभर’ अशा यादीच्या पहिल्या नंबरापासून करू नका. तिथे पोचलेला अल्बम आधीच इतका गौरवलेला असतो की नाही आवडला तर आपलंच काही चुकतंय असं वाटतं. तुमच्या कानाला एक पाय तरी टेकवता येईल अशा ठिकाणी सुरू करा. मी बहुतेकांना १९९३ चा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ सुचवते. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा (गिटारचंच भारतीय रूप) आणि राय कूडर यांची स्लाइड गिटार, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरामधल्या एका चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केलेली. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तुमच्या ओळखीची आहे. समोरचा माणूस तीच मींड दुसऱ्या मातीतून आणतो. तिथून राय कूडरचं बोट धरून मालीतल्या गिटारवादक अली फारका तुरेकडे जाता येतं (‘टॉकिंग टिंबकटू’, १९९४) आणि मग हवानातल्या ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’कडे (१९९७). एका माणसामुळे तीन खंड झाले.

पहिल्यांदा ऐकलं आणि काहीच हाती लागलं नाही. काय करू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

आपण लहानपणापासून मुखडा-अंतरा ऐकत वाढलो. नवीन काही लागलं की कान आपोआप मुखडा शोधतो. सापडला नाही की मन म्हणतं, ‘ह्यात काही नाही.’ पण प्रत्येक संगीत आपला ऐवज वेगळ्या खिशात ठेवतं. कुणाचा सुरात असतो, कुणाचा ठेक्यात, कुणाचा आवाजाच्या पोतात, कुणाचा शब्दांत. तो खिसा सापडेपर्यंत अल्बम नाकारायचा नाही, एवढा एकच नियम मी स्वतःसाठी केला आहे.

अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. १९५९ सालचा, दोन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेला. त्यातलं पहिलं, ‘सो व्हॉट’, मला कितीतरी दिवस नुसतं हॉटेलात मागे वाजणारं संगीत वाटायचं. एका रात्री हार्मोनियम जवळ घेऊन बसले. सुरुवातीला पियानो आणि बासचं तालाबाहेरचं, चाचपडत चाललेलं बोलणं आहे. आलाप म्हणा हवं तर. मग ठेका लागतो आणि धून धरतो तो चक्क बास, सगळ्यांत खालचा आवाज. बास एक वाक्य बोलतो, पियानो दोन ठोक्यांत उत्तर देतो. पुढे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनही त्याच उत्तरात सामील होतात.

आता पेटीवर सा धरा पांढरी दोनचा. जे स्वर वाजतायत ते आपल्या काफी थाटाचे आहेत, गंधार-निषाद कोमल. चार-चार मात्रांचे सोळा खंड हे असंच चालतं. मग अचानक सगळंच्या सगळं उचलून काळी दोनवर जातं. थाट तोच, सा तेवढा एका पट्टीने वर. आठ खंडांनी परत पांढरी दोन, आणखी आठ खंड, की आवर्तन पुरं. १२८ मात्रा. त्या आवर्तनावर माइल्स, मग जॉन कोल्ट्रेन, मग कॅननबॉल अ‍ॅडरली, मग पियानोवर बिल एव्हान्स आपापली बढत करतात. माइल्स कमी स्वरांत बोलतो आणि मधली जागा मोकळी सोडतो. कोल्ट्रेन तीच जागा भरून टाकतो. ती काळी दोनवरची उडी एकदा कानाला सापडली की नऊ मिनिटं कशी जातात कळत नाही. उडीच्या आधी आपण श्वास धरायला लागतो, समेच्या आधी धरतो तसाच.

शास्त्रीय संगीताचा कान असेल तर फायदा होतो की अडचण?

दोन्ही. लयीच्या बाबतीत फायदा निर्विवाद. जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या ‘टाइम आउट’मधलं (तोही १९५९ चाच) पहिलं गाणं नऊ मात्रांचं आहे, २-२-२-३ असं. ब्रुबेकने ते तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून उचललं. त्याच अल्बममधलं ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं, ३-२. पाश्चात्त्य श्रोत्यांना तेव्हा हे अवघड वाटलं. ज्याने झपताल हातावर धरला आहे त्याला दुसऱ्या आवर्तनात सापडतं.

अडचण सुरांच्या बाबतीत येते. आपला कान एका सुरावटीचा माग काढत पुढे जातो. खाली तंबोरा स्थिर असतो, सा हलत नाही. पाश्चात्त्य संगीतात खालची जमीनच सरकत असते आणि एकाच स्वराचा अर्थ त्याच्या खाली काय वाजतंय त्यावरून बदलतो. ह्यावर माझा उपाय अगदी साधा आहे: एकदा गाणं फक्त बाससाठी ऐकायचं. गायकाकडे लक्षच द्यायचं नाही. सुरुवातीला बास ऐकूच येत नाही, कारण आपण तो कधी ऐकलेलाच नसतो. तिसऱ्या-चौथ्या गाण्यात तो वर यायला लागतो.

जॅझ आपल्याला वाटतो तितका परकाही नाही. मुंबईच्या हॉटेलांतून रात्री जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत वाजवत होते. चिक चॉकलेट नावाने ओळखले जाणारे ट्रम्पेटवादक सी. रामचंद्र यांच्याबरोबर होते, सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन यांच्या वाद्यमेळाची मांडणी करत. त्या ब्रासचा आवाज आपल्या आजी-आजोबांच्या कानांवरून गेलेला आहे.

मेटल, रॅप वगैरे मला नुसता गोंगाट वाटतो. तेही ऐकायचं?

ऐकायचं. गोंगाट कशाने तयार झालाय ते शोधायचं. ब्लॅक सबाथ ह्या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला. पहिल्याच गाण्याच्या आधी पाऊस, लांबवर घंटा आणि मग गिटारचे तीन स्वर: सा, वरचा सा आणि त्यांच्या मध्ये तीव्र मध्यम. बस. तीव्र मध्यम पंचमाकडे न जाता तिथेच थरथरत ठेवला की किती अस्वस्थ करतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करताना दोन बोटांची टोकं गमावून बसला होता. त्याने स्वतः टोपणं बनवून ती बोटांवर चढवली. पुढे तारा सैल करून पट्टीही खाली आणली. मेटलचा तो जड, खोल आवाज काही अंशी त्या बोटांमधून आला आहे.

रॅपबद्दल एवढंच सांगते की शब्दांचं वजन मात्रेच्या आधी पडतंय की नंतर, इकडे कान द्या. चांगला रॅपर ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो आणि ओळीच्या शेवटी बरोबर पोचतो. ‘डॅम’ला २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर हे मानाचं अमेरिकी पारितोषिक मिळालं, तोवर ते अभिजात आणि जॅझबाहेर कधी गेलं नव्हतं.

आणि ज्यात काहीच घडत नाही असं संगीत?

इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनोचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’, १९७८. दुसऱ्या रचनेत मानवी आवाजातले एकेक लांब सूर टेपच्या वेटोळ्यांवर फिरत राहतात आणि प्रत्येक वेटोळ्याची लांबी वेगळी. वेगवेगळ्या मात्रांचे ताल एकाच क्षणी सुरू केले तर त्यांच्या समा कधी जवळ येतील, कधी दूर जातील, तसं हे. सूर तेच, पण शेजारी रोज नवा. घडतं ते फार हळू घडतं, म्हणून खिडकीशी बसून ऐकावं.

भाषा कळत नाही. मग त्या अल्बमवर लिहिण्याचा अधिकार आहे का?

आहे, पण कुठे थांबायचं ते माहीत हवं. शब्दांवर मत द्यायचं तर भाषांतर मिळवून वाचा. आवाजावर मत द्यायला भाषांतर लागत नाही.

‘ल मिस्तेर दे व्हॉ बुल्गार’ हा बल्गेरियन स्त्रियांच्या समूहगानाचा अल्बम आहे. स्वित्झर्लंडच्या मार्सेल सेलिए यांनी तो १९७५ मध्ये काढला आणि १९८६ मध्ये लंडनहून पुन्हा निघाल्यावर तो जगभर गेला. मोकळा, सरळ फेकलेला गळा. कंप जवळजवळ नाही. आणि दोन आवाज एकाच वेळी सा आणि रे लावून उभे राहतात, हटत नाहीत. दोन स्वर इतके जवळ आले की हवेत गुणगुण उठते, घंटेचा टोल विरताना उठते तशी. मला बल्गेरियनचा एक शब्द येत नाही, पण त्या आवाजाबद्दल मी चार पानं लिहू शकते.

फादोचं, म्हणजे पोर्तुगालच्या त्या गाण्याच्या प्रकाराचं, थोडं वेगळं. तो शब्दांवर उभा आहे, आमालिया रोद्रिगेश ऐकताना अर्थ कळावासा वाटतोच. पण गोव्यात फादो आजही गायला जातो. पोर्तुगीज समजणारं एखादं जाणतं माणूस ओळखीत असेल तर त्यांच्याशेजारी बसून ऐका. आमच्या ओळखीच्या एक बाई ओळ संपली की हळूच अर्थ सांगायच्या आणि पुढच्या ओळीला गप्प व्हायच्या. तसं ऐकणं मला नंतर कुठल्याही पुस्तिकेतून मिळालं नाही.

अल्बमची पार्श्वभूमी आधी वाचावी का?

पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नक्की.

नायजेरियाच्या फेला कुटीचा ‘झॉम्बी’ (१९७६) प्रथम ऐकला तेव्हा मला फक्त ठेका दिसला. टोनी अ‍ॅलनचे ड्रम, त्यावर गिटारच्या छोट्या गुंफलेल्या आकृत्या, बराच वेळ गाणं सुरूच होत नाही. मग फेला एक ओळ टाकतो आणि मागच्या बायका एकच शब्द परत फेकतात, शाहिराच्या मागे झिलकरी असतात तशा. अंगात येतं. नंतर वाचलं. ते गाणं नायजेरियाच्या सैनिकांवर आहे, हुकूम मिळेल तसे चालणारे, वळणारे, मारणारे. फेब्रुवारी १९७७ मध्ये सैनिकांनी लागोसमधल्या त्याच्या वस्तीवर हल्ला करून ती जाळली. त्याची आई, फुनमिलायो रॅन्सम-कुटी, स्वतः नावाजलेल्या नेत्या, त्यांना खिडकीतून फेकलं. पुढच्या वर्षी त्या गेल्या. हे वाचल्यावर तोच ठेका मी तसा ऐकू शकले नाही. नाचायला लावणारी ती लय आता कवायतीची वाटते, आणि ती तशीच वाटावी हा त्याचा हेतू होता. आधी वाचलं असतं तर मी नाचलेच नसते, आणि ते माझं नुकसान झालं असतं.

कशावर ऐकावं? महागडे हेडफोन लागतात का?

नाही. पण फोनच्या स्पीकरवर ऐकून लिहू नका. मी एकदा जमैकाच्या डब प्रकारातल्या एका अल्बमला ‘पोकळ’ म्हणून मोकळी झाले. महिन्याने मैत्रिणीच्या घरी मोठ्या स्पीकरवर तो लागला आणि कळलं की सगळं गाणं तळात होतं, फोनला तो तळ पेलतच नव्हता. परीक्षण मागे घेतलं आणि कारणासकट पुन्हा लिहिलं. हजार-दीड हजारांचे तारेचे इअरफोन ह्या कामाला पुरतात.

एक गोष्ट मात्र सांभाळा: दोन अल्बमची तुलना करताना आवाज सारखा ठेवा. जो जरा मोठा लागतो तो कानाला जास्त चांगला वाटतो, हे कानाचं जुनं दुखणं आहे. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ते ओळखून वर्षानुवर्षं अल्बम अधिकाधिक जोरात बनवले, इतके की हळू आणि मोठ्यातला फरकच पुसला गेला. मेटालिका ह्या मेटल बँडच्या २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’बद्दल त्यांच्याच चाहत्यांनी ही तक्रार केली होती, व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी त्यांना जास्त मोकळी वाटली.

कुठली आवृत्ती ऐकायची?

बहुतेक वेळा फरक पडत नाही. कधी पडतो. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या बाजूची टेप मुद्रणाच्या वेळी किंचित हळू फिरत होती, त्यामुळे तबकडीवर ती गाणी चढी लागत. १९९० च्या दशकातल्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. वर सांगितल्याप्रमाणे पेटी घेऊन बसलात आणि पांढरी दोन जुळत नसेल तर आधी आवृत्ती बघा.

रसग्रहण आणि परीक्षण ह्यात फरक काय?

शाळेत आपल्याला ‘रसग्रहण करा’ असा प्रश्न असायचा आणि कविता सुंदर आहे हे गृहीत धरूनच उत्तर लिहायचं असायचं. ती सवय हाताला राहते. परीक्षणात ते गृहीत नाही. काय आहे, ते कसं केलंय, ते जमलंय का, ह्या क्रमाने जा. पहिल्या दोहोंना जागा जास्त द्या.

एक उदाहरण. ‘हा अल्बम मनाला भिडतो आणि वेगळ्याच विश्वात घेऊन जातो’ हे वाक्य कुठल्याही अल्बमला चिकटवता येतं, म्हणून ते खोडा. त्याऐवजी: ‘तिसऱ्या गाण्यात ढोल थांबतो. त्यानंतर फक्त गायिकेचा श्वास आणि खोलीतली घुमी ऐकू येते. ढोल परततो तो आधीपेक्षा सावकाश.’ भिडलं की नाही हे वाचणारा स्वतः ठरवेल. मी ऐकताना वेळ लिहून ठेवते, दोन मिनिटं दहा सेकंद, असं. नंतर लिहिताना त्या नोंदींवाचून माझं पान पुढे सरकत नाही.

मराठीत ह्यासाठी शब्द कुठून आणायचे?

आहेत, आपण वापरत नाही. लय, ठेका, पोत, घुमी, भरणा, लगाव, जागा, उठाव, मोकळा गळा, दाबलेला आवाज, फाटलेली गिटार. टाळमृदंग, पोवाडा, ओवी, बँडबाजा ह्यांतून तर कितीतरी मिळतात. बास, रिफ, सिंथ हे शब्द आता आपलेच आहेत, त्यांना ओढूनताणून पर्याय घडवू नका. फक्त राग-घराण्यांची उपमा जपून वापरा. काफी थाटाचे स्वर सापडले म्हणून ‘सो व्हॉट’ काही काफी राग होत नाही.

तारे किंवा दहापैकी गुण का देत नाही?

ईनोला सात आणि सबाथला आठ, ह्याचा अर्थ काय लावणार? मी शेवटी तीनपैकी एक लिहिते: परत ऐकेन, एकदा पुरे, अजून कळला नाही. तिसऱ्या रकान्यात सध्या सतरा अल्बम आहेत आणि दर वर्षी दोन-तीन तिथून हलतात. मत बदललं की तसं उघड लिहावं. ‘रोलिंग स्टोन’ ह्या अमेरिकी नियतकालिकाने लेड झेपेलिनच्या आणि ब्लॅक सबाथच्या पहिल्या अल्बमला अगदी धुडकावलं होतं, ती परीक्षणं आजही वाचावीत, त्यांत नेमकं काय ऐकलं गेलं नव्हतं ते दिसतं.

आठवड्याला किती अल्बम?

एक. तीनदा. एकदा चालताना, एकदा दिवे मंद करून, एकदा भाजी निवडताना.

घरात आई-बाबांबरोबर ऐकता येईल असं काही?

‘कॉल ऑफ द व्हॅली’ तर आहेच. ‘बुएना व्हिस्टा’ही लावा, त्यातले कॉम्पाय सेगुंदो मुद्रणाच्या वेळी नव्वदीला टेकले होते, हे सांगितलंत की म्हातारी माणसं सरसावून बसतात. आमच्याकडे बल्गेरियन बायकांचा अल्बम चालू असताना आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारात उभी राहिली. गाणं संपल्यावर म्हणाली, ‘आमच्या गावाला दोघी-दोघी जात्यावर बसायच्या, त्यांचा आवाज असाच लागायचा. परत लाव.’